तिरका तळहात

दादा,

घराच्या वाटणीवरून आपलं बोलणं तुटलं नसतं, तर कॅल्क्युलसमध्ये गटांगळ्या खाणाऱ्या माझ्या लेकीला तुझ्याकडेच धाडलं असतं. कॉलेजबाहेर दोन क्लास लावून पाहिले, पण तिच्या डोक्यात काही शिरेना. मग एक दिवस म्हणाली, "आई, आता मैत्रीण शिकवते."

आज लेक अभ्यास करताना आलेखावर एका हाताचं बोट फिरवत दुसऱ्या हाताचा तळहात चढाप्रमाणे तिरका करत होती. रेषा माथ्यावर पोचली की आडवा. मला शिकवताना तू अगदी असाच तळहात धरायचास.

"बरी शिकवते का गं मैत्रीण?"

"छान शिकवते. पण फार ओरडते."

हे पत्र टाकणार नाही. मला कळलंय म्हटल्यावर ती तुझ्याकडे यायची बंद होईल. माझ्या हट्टापायी पोरीला मामाला मैत्रीण म्हणावं लागतंय, दादा.

तुझीच,
ढ बहीण