आजोबांची तपासणी

प्रिय आई,
तुला आणि बाबांना नमस्कार.

मी ठणठणीत आहे. पंचक्रोशीत डॉक्टर मी एकटीच, त्यामुळे मान भरपूर मिळतो. गप्पांना मात्र कुणी नाही. बाबा गुडघ्याचे व्यायाम करतात ना?

इथले एक आजोबा दर सोमवारी दवाखान्यात येतात. दुखत काहीच नसतं. बायको गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून येऊन बोलत बसतात. काल ते आलेच नाहीत. मला राहवेना, म्हणून बॅग घेऊन त्यांच्या घरी गेले, तर स्वारी मजेत कुंपण रंगवत होती!

"तुम्हाला तपासायला आले," मी म्हटलं.

त्यांनी ब्रश ठेवला, मला खुर्ची दिली आणि हळूच विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला काय होतंय?"

"काही नाही," म्हटलं आणि अंधार पडेपर्यंत तुझ्याबद्दलच बोलत बसले.

तुझी,
धाकटी