हिशेबात आम्ही बाहेर आहोत

मी, या कागदाच्या शेवटी ज्याची सही असेल तो, वय सव्वीस, धंदा अजून न ठरलेला, पत्ता बदलता, आज पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने ही लेखी व्यवस्था करून ठेवत आहे. दात वाजत आहेत, पण डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, दारू पाजलेली नाही. (पाजली असती तर आत्ता नाही म्हणालो नसतो.) आधी कधी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे जुनं रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

कागद माल मोजणीचा आहे, मागची कोरी बाजू वापरतो आहे. पेन ऑडिटर मॅडमचं. माझ्या कानामागे पेन्सिल होती, ती त्यांनी चालू दिली नाही. म्हणाल्या, "पेन्सिलीचं खोडता येतं. मोजणी असो की मृत्युपत्र, पेननेच." पेनची शाई थंडीने अडते, मग ते तोंडात धरून गरम करावं लागतं. अक्षर मध्येच फिकट दिसलं तर नंतर कोणी शंका काढू नये.

हे का लिहावं लागलं ते आधी सांगतो. आम्ही फळांच्या शीतगृहात, चार नंबरच्या खोलीत अडकलो आहोत. छतापर्यंत सफरचंदांचे क्रेट आहेत. वर्षअखेर, म्हणून मालाची मोजणी होती. आत तिघं आहेत. एक माझे काका. ते इथले अकाउंटंट. आईवडिलांमागे मला आणि ताईला त्यांनीच वाढवलं. दुसऱ्या ऑडिटर मॅडम, बाहेरून तपासणीला आलेल्या. तिसरा मी, चार दिवसांच्या मजुरीवर मोजायला घेतलेला. मोजणीचा नियम असा, की फोन बाहेर ट्रेमध्ये ठेवायचे, म्हणजे वहीतला आकडा कोणी आतल्याच्या कानात सांगू नये. दुसरा नियम, एकाने दाराशी उभं राहायचं. तो एक मी होतो. पण वरच्या थरावर चढणारा माणूसही मीच होतो, म्हणून मॅडमनी मला आत बोलावलं.

पहिल्या मोजणीत एक क्रेट कमी आला. पुन्हा मोजलं. जुळलं. खरं सांगतो, मला असली मजा कधी वाटेल असं वाटलं नव्हतं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, मॅडम चक्क हसल्या, मी वरून टाळी वाजवली. त्या आनंदात दार लागल्याचं तिघांपैकी एकालाही कळलं नाही. दिवा गेला तेव्हा कळलं.

वॉचमनचा दोष धरू नये. त्याने दारावरचं रजिस्टर पाहिलं असणार. त्यात तिघांची आत जायची वेळ आहे आणि बाहेर यायचीही आहे. मॅडम आत शिरतानाच दोन्ही रकाने भरून टाकतात, शेवटी घाई नको म्हणून. हिशेबात आम्ही बाहेर आहोत. उद्या-परवा सुट्टी आहे. भिंती हातभर जाड, पंख्यांची घरघर चालू, हाका मारून घसा बसला. आतून दार उघडायचा दांडा आहे, पण मोडका आहे. त्याचं पुढे येईल.

टॉर्च एक आहे, मॅडमचा. आता कामाचं.

कलम एक. माझी सायकल ताईला. ती पंक्चरवाल्याकडे आहे. तो सांगेल, विकली. विकलेली नाही, त्याचा मेहुणा चालवतो.

कलम दोन. बूट माझ्या पायात आहेत. पायांतून निघाले तर ज्याला बसतील त्याला. या बुटांनी मी फेरीबोटीवर तिकिटं फाडली, तंबू ठोकले, मेजवान्यांची भांडी घासली, एक दीपगृह अर्धं रंगवलं. अर्धंच, कारण अर्ध्यावर मला बोटीवरचं काम दिसलं. वरून समुद्र असा दिसायचा की हातातला ब्रश वाळून जायचा. पण ते जाऊ दे.

कलम तीन. हॉस्टेलवरच्या घोरणाऱ्याला मी माझा रेनकोट देत नाही. तो त्याच्याकडेच आहे, तरी देत नाही.

कलम चार. माझी सॅक (बाहेर फोनच्या ट्रेशेजारी आहे) काकांना. अट एकच, ती घडी करून कपाटावर टाकायची नाही. पाठीला लावून एकदा तरी कुठेतरी जायचं. काका आयुष्यात कुठे गेलेले नाहीत. लग्नाचं विचारलं की म्हणायचे, "वर्षअखेर झाली की बघू." प्रत्येक वर्षाला अखेर असते हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

हे मी मोठ्याने वाचत वाचत लिहिलं, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "थांब. साक्षीदार कोण?"

"तुम्ही आणि काका. दुसरं आहे कोण इथे, सफरचंदं?"

"ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीला सही करू नये. उद्या कोणी वाद घातला की ती देणगी पहिली उडते. साहेब साक्षीदार तरी होतील, नाहीतर सॅक तरी घेतील."

काका अंधारात बोलले, "मला सॅक नको. मी सही करतो. याचे कागद तरी एकदा पक्के होऊ देत."

म्हणून कलम चार रद्द. सॅक ताईला. काकांना माझ्याकडून काही नाही असं वाचणाऱ्याला वाटेल. ते खरं नाही, एवढंच इथे नोंदवतो.

कलम पाच. हे माझ्या भाचीसाठी, जिला घरात सगळे मिरची म्हणतात. तिला सोमवारी कॉलेजचा फॉर्म भरायचा आहे. तिने मला विचारलं होतं, "मामा, अकाउंट्स घेऊ का? तू हो म्हणालास तर नाही घेणार." मी उत्तर दिलेलं नाही. तेच तिला देऊन जातो. मी इथे दोन तज्ज्ञांच्या मध्ये बसलो आहे, तेव्हा त्यांनाच विचारलं.

काका म्हणाले, "तिला सांग, या कामात खुर्ची मिळते. गाव कुठलंही असो, धंदा कुठलाही असो, लिहिणारा लागतोच. सावलीत बसायला मिळतं."

मी म्हणालो, "सावली तर आत्ताही आहे."

मॅडम म्हणाल्या, "मी साखर कारखाना पाहिलाय, बटणांचा कारखाना पाहिलाय, खेळण्यांचा पाहिलाय. आकडे वाचता आले की कुठलीही जागा आतून कळते. कोण कुणाला घाबरतं, कुठे गळतंय, सगळं."

"मग वाईट काय?"

"मला पाहून लोक उठून उभे राहतात आणि गप्प होतात. इतक्या ठिकाणी जाऊन एकही मैत्रीण झाली नाही." मग टॉर्च दाराकडे वळवून, "आणि कागद पूर्ण दिसला पाहिजे याची इतकी सवय लागते, की माणूस आत असताना त्याची बाहेर यायची वेळ लिहून टाकतो."

बोटं वळेनाशी झाली म्हणून मी उड्या मारायला लागलो आणि डोक्याला काहीतरी लागलं. छतावरून एक तार लोंबत होती, टोकाला तांब्याची गोळी.

"काका, हे काय?"

"तापमानाची तार. काटा तिकडे मशीनरूममध्ये आहे."

"तिकडे माणूस आहे?"

"मशीनवाला आहे, सुट्टीतही असतो. पण तो काट्याकडे बघतो कधी? काटा जागेवर असला की त्याचं रेडिओ ऐकणं चालू."

"आणि जागेवर नसला तर?"

मॅडमनी टॉर्च गोळीवर धरला. मी म्हणालो, "बगलेत धरू. काटा वर चढेल. तो धावत येईल."

"मशीन पण धावेल," काका म्हणाले. "खोली गरम झाली असं समजून ते आणखी गार वारा फेकेल. तो आला नाही तर आपण दुप्पट वेगाने गारठू. शिवाय हा खोटा आकडा आहे. तीस वर्षांत मी इथून एक आकडा खोटा पाठवलेला नाही."

"काका, आपण मरतोय!"

"आवाज खाली. मॅडम, तुम्ही लेखी द्याल का, की तपासणीच्या कारणासाठी..."

मॅडमनी खरंच कागद ओढला. मी काकांना काय बोललो ते इथे लिहीत नाही, मिरची वाचणार आहे. मॅडमनी दोन ओळी लिहिल्या असतील, तेवढ्यात काकांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे. तो दांडा आहे ना दाराचा. त्याच्या दुरुस्तीचा कागद गेल्या मोसमात माझ्याकडे आला होता. मंजुरीची सही नव्हती, म्हणून मी परत पाठवला. पुन्हा आला, पुन्हा परत पाठवला. नियमाने बरोबर होतं. मग तो यायचाच बंद झाला." त्यांनी स्वेटर वर केला, शर्टाची बटणं काढली आणि गोळी बगलेत धरली. तोंडातून आवाज निघाला, पण हात ढळला नाही.

पंखे वाढले आहेत. आधी घरघर होती, आता गर्जना आहे. वारा सरळ तोंडावर येतो. मॅडमनी मला सफरचंद दिलं, स्वतः घेतलं, आणि आपल्या कागदावर "घट" अशी नोंद केली. काका खात नाहीत. म्हणतात, मोजून झालेला माल आहे. इथपर्यंत येऊनसुद्धा.

मिरची, कलम पाच अजून संपलेलं नाही. काका मघाशी पुटपुटत होते ते तसंच लिहितो. "तीस वर्षं बरोबर लिहिलं, एकदाही कोणी खोलीत डोकावून म्हणालं नाही, की वा, बरोबर आहे. चूक झाली असती तर सगळे धावत आले असते. आज पहिल्यांदा चूक पाठवतोय. बघू कोण येतं." या कामातलं वाईट काय ते यात आलं. आणि चांगलं काय, तर क्रेट जुळले तेव्हाचा त्यांचा चेहरा. मी तो पाहिलाय. दीपगृहावरूनसुद्धा मला तसं दिसलं नव्हतं. तेव्हा तुला हवं असेल तर घे. पण दार उघडं आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघत जा, रजिस्टरमध्ये नको.

कलम सहा. काकांनी सोमवारपासून मला इथे त्यांच्या हाताखाली कायम लावायचं ठरवलं आहे, टेबलसुद्धा पुसून ठेवलंय. मी हो म्हणालेलो नाही, नाहीही म्हणालेलो नाही. ते उत्तर माझ्याबरोबर जाईल. काका, तुमच्या टेबलाचा राग नव्हता. खिडकी नव्हती एवढंच.

टॉर्च पिवळा पडला आहे, म्हणून इथेच पुरे. काका सही करत होते तेवढा वेळ गोळी मी धरली. चटका बसल्यासारखी लागते. त्यांनी ती इतका वेळ कशी धरली असेल कोण जाणे. त्यांची सही नेहमी पट्टीवर बसवल्यासारखी सरळ असते. इथे ती उतरणीला लागली आहे, पण त्यांचीच आहे.

सही: मी, पुतण्या, मोजणी मजूर
साक्षीदार: काका, अकाउंटंट
साक्षीदार: ऑडिटर मॅडम (पेन यांचं)
ठिकाण: खोली चार, आतल्या बाजूने
तारीख: वर्षाचा शेवटचा दिवस

पुरवणी

वरील मृत्युपत्र करणारा मीच, मशीनरूममध्ये हीटरशेजारी बसून, दोन ब्लँकेटांत, पुन्हा पूर्ण शुद्धीत, पुढील बदल करत आहे.

दार उघडलं तेव्हा मशीनवाला हातात पाना घेऊन ओरडतच आत आला, "कोणी वाट लावली आकड्याची? मला वाटलं सगळा माल गेला!" मग टॉर्चच्या उजेडात आम्ही दिसलो. "अरे, माणसं आहेत होय," म्हणाला, आणि मटकन क्रेटवर बसला. तो सफरचंदांसाठी धावत आला होता. आमचं काही म्हणणं नाही.

काका म्हणाले, "मी लावली." शर्टाची बटणं उघडी, बगल लालभडक, आणि चेहरा क्रेट जुळल्यासारखा.

बाहेर आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते दांड्याच्या दुरुस्तीचा कागद स्वतः लिहिण्याचं. मंजुरीच्या जागी स्वतःच सही ठोकली. मॅडमनी तो वाचला आणि काहीही शेरा न मारता परत दिला. मग त्या रजिस्टरशी गेल्या, आमच्या बाहेर यायच्या वेळा खोडल्या आणि खऱ्या लिहिल्या. पेननेच.

बदल पहिला. कलम सहाचं उत्तर: मी सोमवारी येईन. दांडा बसेपर्यंत त्या टेबलावर बसेन, रोज जाऊन विचारेन, झाला का. बसला की निघेन.

बदल दुसरा. आता साक्षीला आणखी एक माणूस हजर आहे, त्यामुळे काकांना साक्षीदार व्हायची गरज उरलेली नाही. म्हणून कलम चार पुन्हा लागू. सॅक काकांना, मी मेल्यावर नाही, आजच. अट तीच.

हे वाचून दाखवल्यावर काकांनी शर्टाची बटणं लावली. मग त्यांनी सॅक मांडीवर ओढली आणि विचारलं, "हे पट्टे घट्ट कुठून करतात रे?"

सही: मी
साक्षीदार: ऑडिटर मॅडम
साक्षीदार: मशीनवाला (शेजारचा डाग तेलाचा आहे, अंगठा समजू नये)
ठिकाण: बाहेर
तारीख: तीच. अजून ऊन आहे.