भाव झाकून ऐकलेलं गाणं

बाबा,

तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली. तेव्हा घरात टेपरेकॉर्डर होता. आता गाणी इंटरनेटवरून मोबाइलमध्ये येतात, तीही आकड्यांच्या रूपात. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करून ॲम्प्लिफायरला देणारा एक डबा मिळतो, त्याला डॅक म्हणतात. गेल्या महिन्यात आम्ही दोघं तो निवडायला बसलो. माझ्या नवऱ्यानं काडेपेटीहून थोडा मोठा, स्वस्तातला एक मागवला आणि दहापट महाग असलेला दुसरा एका मित्राकडून चार दिवसांसाठी आणला. मला मात्र वेगळीच धास्ती होती. वर्षभर गाणं मला एका अंगानं रिकामं ऐकू येत होतं. दोष मोबाइलचा निघावा, माझ्या कानाचा निघू नये, एवढंच मनात होतं. कुणाला बोलले नव्हते.

चिखलीच्या जिनिंगमध्ये तुम्ही कापसाची प्रत ठरवायचात. शाळा सुटल्यावर मी घराची किल्ली मागायला येते, तेव्हा एक व्यापारी मूठभर कापूस पुढे करून भाव सांगू लागतो आणि तुम्ही हात वर करता. "भाव मंग सांग बे. आधी ऐकला तं माही बोटं तुह्या बाजूनं बोलतीन." मग नजर दुसरीकडे ठेवून दोन अंगठ्यांत तंतू ओढता. "वजन वाढवाले पानी मारलं काय याले? वाळू दे, मंग ये."

तीच रीत मी घरी लावली. दोन्ही डबे टॉवेलखाली झाकले आणि तारा बदलायला यांना मागे बसवलं. पहिल्याच फेरीत मी ठासून सांगितलं, "हा दुसरा. हाच महाग."

"अवं, त्याचा आवाज मोठा होता फक्त," हे हसले. "स्वस्तातला होता थो."

म्हणजे पाणी मारलेला कापूसच. मग मोबाइलवर मोजून दोघांचा आवाज सारखा केला आणि आळीपाळीनं दहा-दहा फेऱ्या घेतल्या. माझी पाच उत्तरं बरोबर आली, यांची चार. महागडा दुसऱ्या दिवशी मित्राकडे परत गेला.

पण डावीकडचा तबला दोन्ही डब्यांवर पुसटच होता. मी डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली. तबला उजवीकडे येऊन भरला आणि इतका वेळ ठसठशीत असलेली पेटी डावीकडे जाऊन विरली. यांना मात्र दोन्हीकडे सारखंच ऐकू येत होतं. आता शंकेला जागा नव्हती.

"माझा डावा कान गेला वाटते," मी म्हणाले.

"मले मालूम हाय," हे तारा गुंडाळत म्हणाले.

"मग काऊन सांगितलं नाही?"

"तू म्हनशीन तवा म्हनशीन. मी तं दोन वर्षांपासून तुह्या उजव्या अंगानंच चालून राह्यलो."

सोमवारी बुलढाण्याला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. यंत्रानं बरंच ऐकू येईल, असं डॉक्टर म्हणाले. यंत्र अजून यायचं आहे, पण आज सकाळी उजवा कान पुढे येईल अशी खुर्ची जरा तिरकी करून बसले, तर त्या लहानशा डब्यातून तानेआधी गायिकेनं घेतलेला श्वास ऐकू आला. मी गाणं मागे नेऊन तो तीनदा ऐकला.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकते. शेवटच्या वर्षात तुम्हाला कमी ऐकू यायचं. मी दारातूनच ओरडायचे आणि वर चिडायचे. तुमचा कोणता कान चांगला आहे, हे मी कधी विचारलंच नाही.