आजोबांच्या हातातलं घड्याळ

घोडोबा,

मी कामावर जातेय. तुझे पळायचे बूट माझ्या पिशवीत आहेत, उगाच घर पालथं घालू नकोस. तापानंतर हृदयाला सूज आलीय, पळालास तर जिवावर बेतेल, हे डॉक्टरांनी तुझ्या तोंडावर सांगितलं ना? तुझे ठोके माझ्या फोनवर दिसावेत म्हणून घड्याळ आणलं, तर ते झोपलेल्या आजोबांच्या हाताला बांधून तू पळायला जातोस! आज सकाळी आजोबाच मला हातातलं घड्याळ कौतुकाने दाखवत होते. गोळ्या टेबलावर आहेत, जेवण झाल्यावर घे. आईला अजून काही बोलले नाहीये.

परवा ठोके इतके शांत दिसले, की औषध लागू पडलं म्हणून मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन आनंदाने रडले. आजोबांच्या ठोक्यांवर रडले रे, गाढवा.

ताई