मांडीवरचा हात

ता. १८ जानेवारी १९८७

प्रिय कमाल,

अम्माचे सलाम, दुवा आणि पाठीत एक हलकी चापट. तुझ्या खोलीत राहणारा अस्लम सुट्टीवर आला, तुझी साडी आणि फोटो पोचला. साडीचा रंग बघून शेजारची मैमुना बोलली, नवरा नसलेल्या बाईला एवढी गुलाबी? मी बोलले, मुलगा गोलकीपर आहे गो, अंगावर येईल ते धरतो, रंग कुठला बघतोय. मग तीच नेसून मुद्दाम तिच्या दारावरून दोनदा गेले.

तुझी नोकरी समजावताना माझी जीभ झिजते. मस्कतला गेलेला माणूस क्रेन चालवतो नाहीतर भांडी घासतो, एवढंच गावाला माहीत. माझा मुलगा जाळ्यापुढे उभा राहतो सांगितलं की विचारतात, मासे पकडतो? मी बोलते, छे, जाळ्यात काही जाऊ नये म्हणून पगार घेतो. आमच्या खाडीत असला माणूस उपाशी मरेल!

चार वर्षं तू बाकावर काढलीस, मेल्या. तो मोठा गोलकीपर खेळायचा आणि तू आपला त्याचे हातमोजे सांभाळत. पत्रात कधी कुरकूर नाही. लहानपणी आंबे उतरवताना असाच खाली गोणपाट ताणून उभा राहायचास, मुंग्या चावल्या तरी हलायचा नाहीस. गेल्या वर्षी तो माणूस आपल्या देशाला परत गेला आणि जागा तुला मिळाली, तेव्हा मी सांदणं करून घरोघर वाटली. मैमुनाला पण दिली, बघ.

आता फोटोचं. जिंकल्यावरची दावत, मोठा थाळा, भातावर बकरं, भोवती तुम्ही सगळे. सगळ्यांचे उजवे हात थाळ्यात. तुझा मांडीवर, टॉवेलाखाली. आणि डाव्या हातात पेला धरून हसतोयस. माझ्या घरात डाव्या हाताने कोणी पाणी प्यायलंय कधी? फोटो खिडकीत धरून बघितला, दारात नेऊन बघितला. तेव्हापासून तोंडात घास फिरतो नुसता.

अस्लमला जेवायला बोलावलं. त्याच्या पानात सुरमईचा मोठा तुकडा वाढला आणि विचारलं, कमालचा हात कसा आहे? तो बोलला, चाची, कालवण काय झालंय! मी बोलले, कालवण मला माहीत आहे, हाताचं बोल. तेव्हा मान खाली घालून सगळं ओकला. तळव्याचं हाड तडकलंय. तू पट्टी आवळून वर मोजा चढवतोस. तुमच्या कोचला पत्ता नाही, आणि पुढच्या शुक्रवारी मोठी मॅच आहे.

कमाल, आता चेष्टा नाही. तुझे अब्बा तापाने गेले असं तुला सांगितलं, तू पाच वर्षांचा होतास. ताप मागून आला. आधी शिंगाळा माशाचा काटा तळव्यात गेला होता. त्या दिवसांत होड्या भरून येत होत्या. हे घरी बसले असते तर होडीच्या तांडेलाने दुसरा माणूस घेतला असता. म्हणून कोणाला बोलले नाहीत, मला पण नाही. जेवायला बसले की हात मांडीवर, लुंगीखाली, आणि बोलायचे आज भूक नाही. हात काळा पडला तेव्हा मी बघितला. फोटोत तू अगदी तसाच बसलायस रे, हसणं पण तेच. जागा गेली तर जाऊ दे, परत बाकावर बस, नाहीतर इथे येऊन माझ्या ओटीवर बस. अस्लम उद्या निघतोय, चिठ्ठी त्याच्याजवळ देते. त्याच्यासमोर हात उघडून डॉक्टरला दाखव. प्लास्टर घातलं की त्याने मला तार करायची आहे. तारवाला वाडीत शिरला की बायका आधी रडायला लागतात. रडू दे मैमुनाला. मी गुलाबी साडी नेसून दारात उभी राहीन.

तुझीच,
डोळा लागत नसलेली अम्मा