चतुराबाईच्या गाण्याची वाटणी

मी, धुरपताबाई भ्र. दिनकरराव गिराम, वय अंदाजे पासष्ट, धंदा शेती आणि गाणे, राहणार झरी, तालुका जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र सांगून लिहवीत आहे. दम लागतो, पण डोकं ताळ्यावर आहे आणि आवाजही. कुणाची जबरदस्ती नाही. माझ्यावर जबरदस्ती करील असा माणूस झरीत अजून जन्मला नाही. कागद लिहून घेणारे पंडित अर्जनवीस म्हणतात, हे वाक्य कागदात बसत नाही. बसवा म्हणलं.

एक. राहतं घर आणि ओढ्याकडचं शेत मुलगा मुंजाजी याला.

दोन. बोरमाळ लेक नर्मदा हिला. तिला जिंतूरला चतुराबाईंच्या घरात दिली आहे. टेपरेकॉर्डर सुनेला, ती लय जपून वापरते.

तीन. आता माझी खरी इस्टेट. नर्मदाच्या लग्नात विहिणीच्या पंगतीला मी उभ्या उभ्या गाणं जुळवलं:

जिंतूरची विहीणबाई, चतुराबाई नाव गं,
बुंदीची पाटी संपली, पत्रावळीवर धाव गं!

विहिणीला गाण्यातून चिडवायची आमच्याकडं रीतच आहे. पण चतुराबाई ताटावरून उठल्या, त्या पुन्हा झरीची पायरी चढल्या नाहीत. नर्मदा माहेराला यायची ती एकटी, जीव मुठीत धरून. मला वाईट वाटलं का? वाटलं. गाणं मागं घेतलं का? छे! इतकं झ्याक जमलेलं गाणं कोण मागं घेतं?

गाणं लग्नालग्नांत गेलं. हळदीला हलगीवर, वरातीला बँडवर. बाया पुढं आपापल्या विहिणीची कडवी जोडायच्या, पण पहिलं कडवं चतुराबाईंचंच. मग शहरातल्या एका गवयानं कॅसेट काढली. चाल माझी, ढोलकी त्याची, आणि विहीण कोण? चमेलीबाई! अहो, चमेलीबाई नावाची विहीण उभ्या जिल्ह्यात दाखवा मला. बुंदीच्या जागी आइस्क्रीम घातलं मेल्यानं. पुढं पुढं गावातल्या पोरीच मला सांगू लागल्या, "आजी, तुमी कॅसेटचं गाणं चुकीचं म्हणायलाव." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी गेल्यावर चतुराबाई गाण्यातून कायमच्या जाणार, ही धास्ती मला जेवू देईना.

मागच्या उन्हाळ्यात पोखर्णीला सोयऱ्यांचं लग्न होतं. कर्ण्यावर चमेलीबाई सुरू झाली अन् समोरच्या पंगतीतून चतुराबाई उठल्या. मला वाटलं, झालं, पुन्हा रुसल्या. पण त्या थेट कर्णेवाल्यापुढं जाऊन उभ्या.

"बंद कर ते! कोण ही चमेली? बुंदी खाल्ली मी, बोलणी खाल्ली मी, अन् नाव तिचं व्हय?"

आणि भर मांडवात त्यांनी स्वतःचं कडवं स्वतःच्या तोंडानं म्हणलं. बाया ताटं सोडून उठल्या. मी साथ धरली. तेवढ्यात माझ्याकडं बोट करून त्यांनी नवं कोरं कडवं सोडलं:

झरीची विहीणबाई, धुरपताबाई नाव गं,
गाण्यावरच भागवती, बुंदीचा पुसती भाव गं!

लोकांनी मांडव डोक्यावर घेतला. मी हरले, आणि जन्मात इतकी खूश कधी झाले नव्हते. तिथून चतुराबाई नर्मदाला घेऊन सरळ झरीला आल्या, माझ्या चुलीपुढं बसून पोटभर जेवल्या. आता कुठंही ती कॅसेट लागली की बाया चढ्या आवाजात चतुराबाईंचं नाव घेतात; चमेली ऐकूसुद्धा येत नाही.

म्हणून हे गाणं मी चतुराबाईंना देते. कुणीही गावं, चाल फिरवावी, खुशाल कॅसेट काढावी. पण आमच्या दोघींच्या कडव्यांतली नावं हलवू नयेत. जो हलवील त्याच्या पंगतीला बुंदी कमी पडो.

चार. साक्षीचा अंगठा करायला चतुराबाई जिंतूरहून एस.टी.नं आल्या आहेत, शेजारीच बसल्या आहेत. पंडित म्हणतात, ज्याला या कागदानं काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही. गाणं घ्या, नाहीतर अंगठा करा.

"मग अंगठा ऱ्हाऊ द्या," चतुराबाई म्हणाल्या. "ह्यो कागद पेटीत पडंल. माझं नाव गाण्यात हाय, ते गावोगाव हिंडायलंय."

सगळं वाचून दाखवलं, ऐकलं, मनापासून कबूल आहे.

सही: धुरपताबाई गिराम
ठिकाण: परभणी
तारीख: १२ फेब्रुवारी १९९१

साक्षीदार: १) आश्रुबा, हलगीवाले, झरी. २) दत्तराव, शेतकरी, झरी.

साक्षीदारांचा शेरा: सही करतेवेळी लिहून देणार बाई पूर्ण शुद्धीवर होत्या. दोघी विहिणी गात होत्या.