सम्राट क्रूझरला दहापैकी दहा

२ नोव्हेंबर २००२, शनिवार
मेव्हण्याने, म्हणजे प्रसेनजीतने, बेंगलोरहून आमच्या दीक्षासाठी पत्त्यांचा खेळ पाठवला. एकशे चार कार्डं. अंतराळयानं, रोबो, ग्रह. कोपऱ्यात ताकदीचा आकडा, मध्ये चित्र, खाली चार ओळी बारीक इंग्रजी. सतरा तारखेला राजारामपुरीत याच खेळाची स्पर्धा आहे. मूल आणि पालक अशी जोडी. पार्टनर अर्थातच मी. दीक्षाला अजून सांगितलेलं नाही, पण त्यात सांगायचं काय?

संकल्प: उद्यापासून सगळ्या कार्डांचं ग्रेडिंग. बावीस वर्षं गणपतरावांच्या अडतीवर गूळ पारखतोय. रव्याचा, म्हणजे ढेपेचा, कोपरा उडवायचा, रंग बघायचा, कण बघायचा, संपलं. चाखायची गरज पडत नाही. सातवीतल्या पोरीचे पत्ते म्हणजे काय चीज!

३ नोव्हेंबर, सकाळ
तीस कार्डं झाली. सम्राट क्रूझर: ताकद बारा, सोनेरी कड, दहापैकी दहा. सफाई रोबो: ताकद एक, हातात झाडू, शून्य. असला माल कंपनी छापते तरी कशाला?

बायको, मीना, म्हणाली, खालचं वाचून मार्क द्या की. ती दवाखान्यात नर्स. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय घरात खोकल्याचं औषधसुद्धा देत नाही. तिला सांगितलं, वाचून कुणालाही कळेल, पारख ती नजरेची.

३ नोव्हेंबर, संध्याकाळ
दीक्षाशी सहा डाव. सहाही गेले. पहिल्याच फेरीला क्रूझर उतरवला, तर तिने सफाई रोबो टाकून तो रद्दीत घातला. म्हणे, तसं लिहिलंय. कुठं लिहिलंय, विचारलं. तिने कार्ड डोळ्यांसमोर धरलं. मी बराच वेळ बघितलं आणि बरोबर आहे म्हणालो. उजेड कमी होता.

इंग्रजी माझं चांगलंच होतं. दहावीला गेलं ते पेपर तपासणाऱ्यामुळे.

सफाई रोबोला शून्याचा अर्धा मार्क केला. मन मोठं पाहिजे.

५ नोव्हेंबर, पाडवा
गुळाच्या सौद्याचा मुहूर्त. मी बाजूला काढलेल्या रव्यांना सगळ्यात चढा भाव. गणपतराव सगळ्यांदेखत म्हणाले, बाळासो, तुझ्या नजरेला तोड न्हाय. घरी हे दोनदा सांगितलं.

जेवणाआधी पाच डाव. पाचही गेले. दिवसभर गूळ बघून डोळे थकले होते.

९ नोव्हेंबर
दुबळा माल घराबाहेर. दीक्षा पेठ वडगावला आत्याकडे गेलेली बघून पाचच्या खालची एकेचाळीस कार्डं रबर लावून शेजारच्या आक्कांना दिली. आक्का म्हणाल्या, ह्याचं मी काय करू? काहीही करा म्हणालो.

दुपारी दीक्षा आली. रडली. जेवली नाही. मीना जाऊन कार्डं घेऊन आली. त्यातली दोन आक्कांनी हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली होती. आता बाईमाणसांना ग्रेडिंग काय समजावणार?

१३ नोव्हेंबर
एकूण डाव एकोणीस. जिंकले शून्य. तरी शेवटचा फार थोडक्यात गेला, असं मला वाटतं. दीक्षाला वाटत नाही.

स्पर्धेचा फॉर्म उद्या द्यायचा आहे. पार्टनरचं नाव तिने अजून लिहिलेलं नाही. मी विचारणार नाही. फॉर्म तिच्या कंपासपेटीखाली होता, सहज दिसला म्हणून तीनदा बघितला. रकाना मोठा आहे. माझं पूर्ण नाव आरामात बसेल.

१४ नोव्हेंबर
तिने मीनाचं नाव लिहिलं.

पप्पा, राग आला व्हय, असं विचारलं. छे छे म्हणालो. मीना आजवर दोन डाव खेळलीय. दोन्ही जिंकली, पण दोनाला काय अर्थ आहे? पोट बिघडलंय असं सांगून जेवलो नाही. पोट ठीक होतं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

एका अर्थी बरंच झालं. मी आता कोच.

१७ नोव्हेंबर, रविवार
शाळेचा हॉल. कोचला खुर्ची सगळ्यात मागे, पंख्याचा वारा लागत नाही तिथे. मीना प्रत्येक कार्ड औषधाच्या बाटलीसारखं लांब धरून वाचते आणि मगच टाकते. लोक वैतागले. दोघी सेमीफायनलला गेल्या.

बसून कंटाळाल म्हणून दीक्षाने एक वही दिली होती. तिचंच अक्षर, चांगलं टपोरं. एकशे चार कार्डांवरचं सगळं इंग्रजी मराठीत उतरवलेलं. सम्राट क्रूझर काढला. 'हे कार्ड लगेच चालत नाही. उतरवण्याआधी चार फेऱ्या थांबावं लागतं.' शेजारी पेन्सिलीने: 'पप्पा कधीच थांबत नाहीत. मी बोलले नाही.'

म्हणजे एवढी सूट घेऊन मी एकोणीस डाव हरलो.

वही मिटली. मान वर करवेना, इतकी लाज वाटली. परत येताना मीना रिक्षा बघायला पुढे गेली, तेव्हा दीक्षाला बाजूला घेतलं. म्हटलं, मला इंग्रजी वाचायला येत नाही हे तेवढं आईला कळू देऊ नको.

ती म्हणाली, पप्पा, वहीतलं सगळं आईनंच सांगितलंय की. मी नुसतं लिहून घेतलं.